पकड पेनाची, माप हाताचं

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात जावं आणि वह्यांऐवजी मुलांचे हात पाहावेत. एकानं पेन्सिल मुठीत आवळलेली असते. दुसऱ्याचा अंगठा तर्जनीवरून पार पलीकडे गेलेला असतो. एखादीची चार बोटं टोकाशी इतकी गोळा झालेली असतात की आपण काय लिहितोय हे तिचं तिलाच दिसत नाही. मॅडम फेरी मारता मारता ‘नीट धर’ म्हणतात. लेकरू दोन ओळी नीट धरतं आणि तिसऱ्या ओळीला पकड मूळपदावर येते. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आता बाजारानं या ‘नीट धर’वर उत्तर आणलं आहे: पेन्सिलीवर चढवायच्या रबरी ग्रिपा, त्रिकोणी पेन्सिली, बोटांसाठी खळगे पाडलेली पेनं, वाकड्या दांडीची पेनं. पालक मोबाइलवर जाहिरात पाहतात आणि मागवतात. ही साधनं कुणाच्या कामाची, कशाच्या जोरावर काम करतात आणि वऱ्हाडातल्या शाळेला त्यातलं काय हवं, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

‘नीट’ म्हणजे नक्की कसं?

हाताच्या पकडीचे दोन ठोक प्रकार जॉन नेपियर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञानं 1956 साली मांडले. एक जोराची पकड, जिनं आपण कुऱ्हाडीचा दांडा धरतो; दुसरी नेमकेपणाची, जिनं सुईत दोरा ओवतो. लिहिणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. अंगठा आणि तर्जनी समोरासमोर, पेनाला खालून मधल्या बोटाचा आधार, अनामिका आणि करंगळी आत वळून कागदावर टेकलेली, अशी ही तीन बोटांची पकड जगभरच्या शाळांनी आदर्श ठरवली. तिचं खरं मर्म बोटांच्या हालचालीत आहे. अक्षराची वळणं बोटांच्या पेरांतून निघतात आणि मनगट-कोपर हाताला ओळीवर पुढं सरकवत राहतात.

मूल जन्मतः ही पकड घेऊन येत नाही. आधी मूठ, मग वरून धरलेली बोटं, मग तीन बोटांची पण ताठ पकड आणि शेवटी तीन बोटांची चालती पकड, अशी ही वाट असते. रोझेनब्लूम आणि हॉर्टन यांनी 1971 साली ती टप्प्याटप्प्यानं नोंदवली. चालती पकड साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येते. त्यामुळे बालवाडीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाची मूठ सोडवण्यासाठी ग्रिप घेणारे पालक रोगाआधीच औषध देत असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. श्नेक आणि हेंडरसन यांनी 1990 साली अमेरिकेतल्या 320 निरोगी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साडेसहा ते सात वर्षांच्या गटात शंभरात सुमारे 72 मुलं तीन बोटांची चालती पकड वापरत होती. सुमारे 22 मुलांचा अंगठा तर्जनीवर आडवा टेकलेला होता आणि त्यांचंही लिहिणं व्यवस्थित चाललं होतं. 2012 साली कॅनडात हायडी श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी चौथीच्या 120 मुलांना दहा मिनिटं उतरवून काढायला लावलं. त्यांनी चार पकडी तपासल्या: तीन बोटांची, चार बोटांची आणि या दोन्हींचे आडव्या अंगठ्याचे प्रकार. वेगात किंवा वाचनीयतेत या पकडींमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही.

तेव्हा पुस्तकातल्या चित्रासारखी पकड नाही, एवढ्यावरून मुलाला साधन लावायचं कारण नाही. खुणा वेगळ्या असतात. नखं दाबानं पांढरी पडतात, पानाच्या मागल्या बाजूला अक्षर उमटतं, पाच-सात ओळींनंतर मूल हात झटकतं, लिहायचं नाव काढलं की पोट दुखतं. आडवा अंगठा असूनही यातलं काही नसेल, तर त्याला त्याच्या अंगठ्यासकट लिहू द्यावं.

बोरू शिकवायचा, बॉलपेन शिकवत नाही

आपल्या आजा-पणजांना ग्रिप लागली नाही, कारण लेखणीच चूक दाखवून द्यायची. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं. जाड आणि बारीक रेघ ठरलेल्या कोनातच उमटते. बोटांत बोरू जरा फिरला की रेघेची जाडी बिघडते आणि लिहिणाऱ्याला ते त्याच अक्षरात दिसतं. टाकाचंही तसंच. टाक उताणा धरला की खरखरतो, जोरानं दाबला की निब फाकते. फाउंटन पेननं हाच धाक पुढं चालवला. मोडी लिपीत तर हात फारसा न उचलता ओळ धावायची, म्हणून पकड सैल असणं भाग होतं. आवळून धरणाऱ्याला मोडी पळवताच आली नसती.

बॉलपेननं हे शिक्षण बंद केलं. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकारानं 1938 साली त्याचं पेटंट घेतलं. टोकाशी फिरती गोळी आली आणि पेन कुठूनही धरलं तरी लिहू लागलं. मात्र गोळी फिरायला दाब लागतो आणि पेन जास्त उभं धरावं लागतं. दाब आला की बोटं टोकाकडे सरकतात आणि अंगठा मदतीला वरून आडवा येतो. आपल्या शाळांनी अक्षर बिघडतं म्हणून बॉलपेनला बराच काळ मज्जाव केला होता, तो अगदीच जुनाट हट्ट नव्हता. आज तो मज्जाव परत आणणं शक्य नाही, पण साधन निवडताना एवढं लक्षात ठेवावं की थोड्या दाबात उमटणारं टोक, म्हणजे मऊ शिशाची पेन्सिल किंवा जेल पेन, हेही पकड सुधारण्याचं साधनच आहे आणि ते कोणत्याही रबरी ग्रिपेआधी करून पाहण्यासारखं आहे.

बाजारातली चार घराणी

मिळणाऱ्या वस्तू दिसायला शेकडो आहेत, तरी त्यांची घराणी चारच.

पहिलं घराणं दांडीचा आकार बदलणाऱ्यांचं. त्रिकोणी दांडीला तीन बाजू, म्हणून तीन बोटांना आपसूक जागा मिळते. जर्मनीत शाळकरी मुलांसाठी खास फाउंटन पेनं करण्याची जुनी परंपरा आहे. पेलिकनचं पेलिकानो 1960 साली आलं. लामी कंपनीचं सफारी 1980 साली आलं आणि त्याच्या पकडीच्या जागी दोन सपाट उतार दिले होते. जपानच्या पायलट कंपनीनं 1991 साली डॉक्टर ग्रिप हे जाड दांडीचं पेन आणलं, ते लिहून लिहून हात भरून येणाऱ्यांसाठी. त्रिकोणी पेन्सिली आता आपल्याकडेही स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. या घराण्याचा गुण असा, की त्यात काही वेगळं चढवावं लागत नाही, हरवत नाही आणि वर्गात कुणी हसत नाही.

दुसरं घराणं चढवायच्या ग्रिपांचं. काही नुसत्या मऊ नळ्या, काहींना बोटांचे खळगे, काहींना अंगठा पलीकडे जाऊ नये म्हणून मध्ये पडदा, काहींत बोटं घालायच्या चक्क अंगठ्या. जितकी बंधनं जास्त, तितकी वस्तू एकाच मापाच्या हाताला बसते. खळगा आठ वर्षांच्या बोटाचा आणि बोट सहा वर्षांचं, असं झालं की लेकरू खळग्याच्या कडेवर बोट ठेवतं आणि नवीनच वाकडी पकड शिकतं. डाव्या-उजव्या हाताची ग्रिप उलटी चढली तर विचारूच नका. शिवाय पेन्सिल टोकदार करताना दर वेळी ग्रिप मागं सरकवावी लागते, ते कुणी करत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, घामेजल्या हातात गुळगुळीत रबर फिरू लागतं आणि धूळ त्याला चिकटून बसते.

तिसरं घराणं कोन आणि वजन बदलणाऱ्यांचं: वाकड्या मानेची पेनं, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची पेनं, जड दांड्या. यांचा उपयोग ठरावीक दुखण्यात होतो. हात थरथरणाऱ्या काहींना जड पेन बरं पडतं. निरोगी मुलाला यांतलं काही लागत नाही.

चौथं घराणं फुकटातलं आहे. पेन्सिलीचा दोन-तीन इंचांचा तुकडा किंवा खडूचा तुकडा दिला, की मुठीला जागाच उरत नाही आणि बोटांनाच पुढं यावं लागतं. करंगळी आणि अनामिकेखाली कागदाची लहान गोळी धरायला दिली, की ती दोन बोटं आत राहतात आणि उरलेली तीन कामाला लागतात. पेन्सिलीवर टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर रबरबँड गुंडाळला, की बोटं त्याखाली उतरत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपी करणारे हे उपाय रोज सांगतात. पाटीवर लिहिणाऱ्या पिढीच्या हातात अखंड पेन्सिल क्वचितच यायची, त्यामुळे तिला हा तुकड्याचा इलाज आपोआप मिळाला होता.

बाजारातल्या बहुतेक ग्रिपांची घडण रोमन अक्षरं डोळ्यांपुढं ठेवून झालेली आहे. देवनागरी हाताकडून वेगळं मागते. ‘ळ’ लिहून पाहा: एकामागून एक दोन वाटोळे फुगे, तेवढ्याच जागेत, आणि दिशा मध्येच वळते. ‘क्ष’ची गाठ, ‘ह’चं वळण, वरची वेलांटी आणि खालचा उकार यांसाठी बोटांच्या पेरांना वर, खाली, आत, बाहेर अशी मोकळीक हवी. मग शब्द झाला की शिरोरेघ, तिला बोटांचा उपयोग नाही. अख्खा हात सरळ सरकायला हवा. शिवाय काना, मात्रा, अनुस्वारासाठी पेन दर अक्षराला उचललं जातं आणि उचललं की पकड पुन्हा बसवावी लागते. बोटं जखडून ठेवणारी ग्रिप इथं अडते. म्हणून मराठी शाळेसाठी ग्रिप तपासायची तर ‘अ आ इ ई’च्या एका ओळीवर तपासू नये. ‘बाळकृष्ण’, ‘क्षितिज’ असे शब्द शिरोरेघेसकट लिहून घ्यावेत आणि वेळ मोजावा.

आधी बैठक, मग बोटं

लहान वर्गांत मुलं सतरंजीवर बसतात आणि वही मांडीवर किंवा फरशीवर असते. फरशीवर वाकून लिहिताना मनगट आतल्या बाजूला दुमडतं. मनगट दुमडलं की अंगठा आणि तर्जनी नीट समोरासमोर येत नाहीत, हे स्वतःच्या हातावर कुणालाही पडताळता येईल. मनगट जरा मागं वळलेलं असलं, की बोटं आपोआप जवळ येतात. लिहायची पाटी उतरती केली की नेमकं हेच घडतं. जुन्या पेढ्यांवर दिवाणजींचं डेस्क उतरतं असायचं, ते नुसत्या थाटासाठी नव्हतं.

महाराष्ट्रात या बाबतीत एक चांगला प्रयोग झालेला आहे. ‘आरंभ’ या नवी मुंबईत काम करणाऱ्या संस्थेनं 2014 च्या सुमारास टाकाऊ पुठ्ठ्यांच्या खोक्यांपासून ‘हेल्प डेस्क’ बनवलं. घडी घातली की दप्तर, उलगडलं की जमिनीवर ठेवायचं उतरतं डेस्क. तेव्हाचा खर्च दहा रुपयांच्या आसपास. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात पुठ्ठा किती टिकेल हा प्रश्न आहेच, पण कल्पना अस्सल आहे: पेनाला हात न लावता पकड सुधारायची. ते न जमलं तर परीक्षेचं पॅड दप्तरावर तिरपं टेकवावं, काम भागतं. डावखुऱ्या मुलाची वही डाव्या अंगाला आणि वरची कड उजवीकडे झुकलेली ठेवावी आणि त्याला पेन टोकापासून थोडं वर धरायला सांगावं, म्हणजे मनगट आकड्यासारखं वळवून लिहायची वेळ येत नाही आणि शाई पुसली जात नाही. डावखुऱ्याचा हात बदलायला लावणं हे मात्र कोणत्याही साधनानं भरून न येणारं नुकसान आहे.

बैठकीच्याही आधीची पायरी बालवाडीची. मारिया माँटेसरींनी लाकडी ठोकळ्यातल्या वृत्तचितींना वर बारीक मुठी बसवल्या. मूल ती मूठ अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनीच उचलतं, म्हणजे हातात पेन्सिल येण्याच्या कितीतरी आधी तीच पकड शेकडो वेळा होऊन जाते. पकडीसाठी घडवलेलं इतकं शहाणं साधन दुसरं सापडणार नाही आणि त्यावर ‘ग्रिप’ असं कुठंही लिहिलेलं नाही. हे साधन महागडं म्हणून आपल्या खेड्यांत पोचलं नसतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1926 पासून नूतन बालशिक्षण संघातून आणि पुढं अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी-कोसबाडला त्याचं देशी रूप घडवलं: बिया, शिंपले, दगड, माती, पानं. लग्नानंतर ताराबाई काही वर्षं अमरावतीच्या वकिलाच्या घरात नांदल्या, तेवढं या जिल्ह्याचंही त्यांच्याशी नातं आहे.

त्यांची दृष्टी घेऊन तिवस्याच्या अंगणवाडीत पाहिलं तर साधनांचा तुटवडा नाही. कपाशीच्या मुलखात कापूस घरोघर असतो. फुलवात वळताना अंगठा आणि दोन बोटं जे करतात तेच पेन धरताना करतात. रांगोळीची चिमूट सोडणं, तुरीच्या शेंगा सोलणं, कंच्यांचा नेम धरणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, पिठाच्या गोळ्या करणं, यांतून बोटांत जोर येतो आणि बोटं एकमेकांपासून सुटी चालू लागतात. हे दिवसातून दहा मिनिटं झालं, तर पहिलीत ग्रिपेची गरज बऱ्याच मुलांना उरणार नाही.

जिथं साधनाशिवाय भागत नाही

आतापर्यंतचं सगळं निरोगी हाताचं झालं. साधनाची खरी कसोटी निकामी होत चाललेल्या हातावर लागते आणि ती अमरावती जिल्ह्याला जवळून माहीत आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. अचलपूर-परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. कुष्ठरोगात कोपराजवळून जाणारी नस बाधित झाली, की करंगळी आणि अनामिका आखडतात. मनगटातली नसही गेली की अंगठा आणि उरलेली बोटं आखडतात. त्याहून वाईट म्हणजे स्पर्श जातो. पेन किती आवळलं आहे हे कळतच नाही, म्हणून माणूस ते आणखी आवळतो आणि बोटावर कधी जखम झाली हेही त्याला डोळ्यांनी पाहिल्यावर समजतं.

डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरला स्नायूंच्या कंडरा एका बोटाकडून दुसरीकडे वळवून अशा हातांना पुन्हा चालतं केलं. शस्त्रक्रियेच्या जोडीला हत्यारांच्या मुठी जाड आणि मऊ करण्याची रीत कुष्ठरोगाच्या पुनर्वसनात रुजली. पेनासाठी ती अशी: नळाची गळती बंद करायला वापरतात तशी दोन भागांची एपॉक्सी लांबी मळायची, पेनाच्या दांडीभोवती गुंडाळायची, माणसाच्या हाताला प्लॅस्टिक लावून लिहिण्याच्या बैठकीत ते पेन हलक्या हातानं धरायला द्यायचं. लांबीवर त्याच्या बोटांचा ठसा उमटतो. मग पेन काढून घ्यायचं, लांबी कडक होऊ द्यायची, पॉलिश पेपरनं कडा घासायच्या. ओली लांबी कातडीला लागू द्यायची नाही, कारण बधिर हाताला ती झोंबल्याचंही कळत नाही. म्हणून हे काम शिकलेल्या माणसानंच करावं. पहिले काही दिवस लिहून झाल्यावर बोटं लाल झालीत का, हे डोळ्यांनी तपासायचं. दांडी अशी निवडायची, की लांबी न फोडता रिफिल खालून बदलता यावी. नाहीतर शाई संपली की मूठही फेकावी लागते.

इतर हातांचंही असंच. लकवा होऊन गेलेल्या माणसाची बोटं मिटतच नसतील, तर तळव्याभोवती पट्टा बांधून त्यात पेन खोचतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला जाड, हलकी दांडी आणि न सरकणारी वही लागते. बँकेत अंगठा न लावता सही करता येणं, ही माणसाच्या मानाची गोष्ट आहे. तिथं पंधरा-वीस रुपयांच्या लांबीचं मोल वेगळं होतं.

इथं माप हाताचं घेतलं जातं आणि वस्तू नंतर घडते. बाजारातल्या ग्रिपेत नेमकं याच्या उलट चालतं.

कुणी करायचं?

हाताला साजेसं साधन देण्याचं हे शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा आशियात त्याचं नावही कुणी फारसं ऐकलं नव्हतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम चालतो. पण नागपूर तिवस्याहून शंभरेक किलोमीटर आहे आणि मजुरी बुडवून लेकराच्या पेन्सिलीसाठी तिथं कोण जाणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं लिहिण्यातली अडचण, म्हणजे डिसग्राफिया, विशिष्ट अध्ययन अक्षमतेत धरली. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र दिव्यांग परीक्षार्थींना लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ देण्याची तरतूद केली. हक्क कागदावर आला, पण दहावीला लेखनिक मागण्याची वेळ येईपर्यंत त्या मुलाच्या हाताकडे कुणी पाहिलेलं नसतं. ते पाहणं पहिलीत व्हायला हवं.

यासाठी फार मोठा खटाटोप लागत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात दिव्यांग मुलांसाठी काम करणारे शिक्षक असतात. वर सांगितलेल्या खुणा त्यांना माहीत असल्या आणि त्यांच्याकडे तीन-चार मापांच्या ग्रिपांची एक पेटी असली, तर मूल वस्तू विकत घेण्याआधी वापरून पाहू शकतं. बहुतेक मुलांचं काम उतरत्या पॅडवर आणि तुकडा पेन्सिलीवरच भागेल. उरलेल्यांसाठी ग्रिप, तीही सहा-आठ आठवड्यांसाठी; त्यानंतर ती काढून पाहायची. काढल्यावर पकड टिकली तर तिचं काम झालं, टिकली नाही तर थेरपिस्टकडे पाठवायचं. मोजक्या हातांना मात्र मूठ जन्मभर लागेल आणि ती त्यांच्याच मापाची हवी.

अमरावतीत 1964 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. थ्री-डी प्रिंटिंग आता जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्मीळ राहिलेलं नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलांना हे काम देता येईल: घामात न फिरणारी, साबणानं धुता येणारी, पेन्सिल छाटली तरी सहज सरकणारी, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारी, लहान मुलाच्या तोंडात गेली तरी घशात न अडकणारी आणि ‘ळ’, ‘क्ष’, शिरोरेघ या तिन्हींवर तपासलेली ग्रिप. तिचं चित्र काढण्याआधी मात्र त्यांनी तिवस्याच्या वर्गात बसून मुलांच्या हातांची मापं घ्यावीत, आणि एक दिवस तपोवनात जावं. एका माणसासाठी एक वस्तू कशी घडवतात, हे तिथल्या हातांकडूनच शिकता येईल.